वामनदादा, डिलन आणि पाच माणसं

(या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे.)



मागचा भाग आपण बॉब डिलनवर केला होता. त्यावर परभणीच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. म्हणाला, "दादा, तुम्ही नांदेडचे. तासभर डिलनवर बोललात, छानच बोललात. पण आपल्याकडं गाणं लिहिणारं कुणी नव्हतंच का?"

खरं सांगतो, लागलं ते. कारण गाणं लिहिणारा होता, आणि त्याची गाणी मी डिलनच्या कितीतरी आधी ऐकलेली होती. पाळण्यात असल्यापासून म्हणा ना. म्हणून आजचा भाग वामनदादा कर्डक यांच्यावर. म्हणजे वामनदादांवर आणि त्यांच्या चाहत्यांच्या एका भांडणावर. त्या भांडणात मीही होतो.

आधी पुण्यातलं सांगतो. आमच्या फ्लॅटवर आम्ही तिघं, तिघंही सॉफ्टवेअरमधले. शनिवारी रात्री वाद ठरलेला असतो, कुठला डिलन मोठा? एक म्हणतो, हातात साधी गिटार होती तोवरच तो खरा होता. १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात त्यानं इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि लोकांनी हुर्यो केली, ती बरोबरच केली. दुसरा म्हणतो, छे, त्यानंतरच तो वाढला, १९७५ चा 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' ऐक. माझं मत ठरलेलं असायचं. माणूस लिहीत राहिला की वाढतो, नंतरचं काम आधीच्यापेक्षा सरसच असतं. आमच्या धंद्यात नवीन व्हर्जन आलं की जुनं बाजूला ठेवतात, तीच सवय मी गाण्याला लावली होती.

यंदा एप्रिलमध्ये सुट्टी काढून पनवेल-नांदेड एक्सप्रेसनं घरी गेलो. तेरा तारखेची रात्र. चौदाच्या जयंतीची तयारी चाललेली. गल्लीत निळ्या पताका, कोपऱ्यावर स्टेज, डीजेवाल्याचे बॉक्स ट्रॉलीवरून उतरवणं चालू. आम्ही मामांच्या गच्चीवर बसलो होतो. मामा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. तरुणपणी त्यांची गायन पार्टी होती. ढोलकी मामांची, गळाही मामांचाच. आणि माझा कॉलेजचा एक मित्र लातूरहून आला होता. तो तिथं क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आमच्यात वाचन सगळ्यात जास्त त्याचं.

खालच्या स्टेजवर साउंड टेस्टिंगला एक जुनं भीमगीत लागलं, आणि मित्र सहज बोलून गेला, "हे सुरुवातीचे वामनदादा. खरे वामनदादा नंतरचे."

मामा पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवला. "म्हणजे? आधीचे काय खोटे होते का?"

झालं. जे भांडण मी पुण्यात डिलनवर करायचो, तेच आता मराठीत, मराठवाडीत सुरू झालं.

दोघांचं म्हणणं सांगण्याआधी थोडी माहिती देतो, कारण आपल्या श्रोत्यांमध्ये सगळ्यांनाच ती असेल असं नाही. वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. मृत्यू १५ मे २००४. जलशांमधले भीमराव कर्डक वेगळे, हे वामनदादा वेगळे, नेहमी गल्लत होते. पोट भरायला मुंबईत आले, मिळेल ते काम केलं, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. तिथं एकदा कुणीतरी त्यांच्यापुढं पत्र धरलं, वाचून दाखव म्हणाला. वामनदादांना वाचताच येत नव्हतं. रडू आलं त्यांना. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून ते बाराखडी शिकले आणि पुढं रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं. ही मिसरूड फुटल्यानंतरची गोष्ट आहे, शाळेतली नाही. आणि १९४३ मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं, एका हिंदी सिनेगीताच्या चालीवरचं विडंबन.

पुढं साठ वर्षं हा माणूस लिहीत आणि फिरत राहिला. गावोगाव, वस्तीवस्तीत. कुणाच्याही ओसरीवर मुक्काम, मिळेल ती भाकर, आणि रात्री गाणं. गाण्यांची संख्या हजारांत आहे. 'वाटचाल' हा गीतसंग्रह १९७३ चा, 'मोहळ' १९७६ चा. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन.

आता भांडण. मित्राचा मुद्दा असा. सुरुवातीला वामनदादा दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवत होते. बाबासाहेबांचं गुणगान, सोपं यमक, टाळ्यांची जागा. ते महत्त्वाचं आहे, पण ती सुरुवात आहे. नंतर त्यांची भाषा वाढली, वृत्तावर हात बसला, विचाराला धार आली. देशातल्या संपत्तीत आमचा वाटा कुठं आहे, असं टाटा-बिर्लांची नावं घेऊन विचारणारं गाणं त्यांनी लिहिलं. आणि 'भीमा तुझ्या मताचे' हे गाणं तर वाढलेल्या कवीचंच आहे.

मामांचं म्हणणं उलटं. "गाणं कुणासाठी असतंय? सांजच्याला रानातून आलेल्या बाईला एकदा ऐकून पाठ झालं पाहिजे. उसनी चाल म्हणायलास तू. अरे, ती चाल तिला आधीच येते, म्हणून तर घेतली. निस्ते शब्द शिकायचे राहिले. नंतरची गाणी चांगली हायेत, पण ती पुस्तकात चांगली दिसतात."

उसन्या चालीच्या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूनं बोललो. डिलनचं 'ब्लोइंग इन द विंड' सगळ्या जगाला माहीत आहे. त्याची चालही त्याची स्वतःची नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांचं 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' नावाचं जुनं गाणं आहे, त्यातून ती आली, आणि हे डिलननं स्वतः कबूल केलेलं आहे. त्याला २०१६ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा चाल उसनी आहे म्हणून लिहिणारा कच्चा, हे काही पटत नाही. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्या त्या गोऱ्याला कळलं ते याला कळंना." मित्रही हसला.

पण मित्राच्या बाजूलाही वजन होतं, आणि ते मी कागदावर तपासलं. सवयच आहे, पटत नसेल तर मोजून बघायचं. मोबाइलच्या उजेडात 'भीमा तुझ्या मताचे' या गाण्याच्या मात्रा मोजल्या. लघु म्हणजे एक, गुरू म्हणजे दोन. पहिल्या अर्ध्या ओळीत बारा, दुसऱ्या अर्ध्यात बारा. पुढची ओळ, पुन्हा बारा आणि बारा. त्याच्या पुढची, तेच. गागालगा लगागा, गागालगा लगागा. हे आनंदकंद वृत्त आहे. त्यातही रचना गझलेच्या धाटणीची. ओळीच्या शेवटी तोच शब्द परत येतो आणि त्याच्या आधी यमकाचा खिळा ठोकलेला. मराठी गझल म्हटलं की आपण सुरेश भटांचं नाव घेतो, ते बरोबरच आहे. पण हा माणूस पाट्या वाचून अक्षरं शिकलेला आहे, आणि चोवीस मात्रांच्या ओळीत त्याचा पाय कुठं घसरत नाही. हिंदी गाण्याच्या विडंबनापासून इथपर्यंत येणं याला वाढ म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

मी कागद मामांपुढं धरला. मामांनी बघितला नाही. म्हणाले, "मात्रा मला मोजाव्या लागत नाहीत. ढोलकीवर हात ठेवला की समजतंय." आणि गप्प बसले.

मला वाटलं, आपण जिंकलो. मग मित्रानं विचारलं, "मामा, तुमच्या पार्टीत हे गाणं म्हणायचात का तुम्ही?"

मामा म्हणाले, "म्हणायचो. एकदा म्हणलं, मग नाही म्हणलं."

इथं गाण्याचा अर्थ सांगायला पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला. त्यांच्या मनातला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला ३ ऑक्टोबर १९५७ ला, आणि थोड्याच वर्षांत त्यात फूट पडली. गट, गटाचे गट, प्रत्येकाचा वेगळा झेंडा. हे गाणं त्या दुखण्यातून आलेलं आहे. त्यात स्तुती नाही, तक्रार आहे, आणि तक्रार बाबासाहेबांकडं केलेली आहे, आपल्याच माणसांबद्दल. तुझ्या मताची मोजून पाच माणसं जरी असती, तरी चित्र वेगळं दिसलं असतं, असं तो कवी सांगतोय. तोंडात नाव आहे तसं वागण्यातही असतं तर, असं म्हणतोय.

तर मामांची गोष्ट. नव्वदच्या दशकातली. नांदेड जिल्ह्यातलंच एक गाव, जयंतीचा कार्यक्रम. नामांतराची वर्षं तेव्हा ताजी होती. नवीन श्रोत्यांसाठी सांगतो, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं. पुढं २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडमध्ये गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. त्या सोळा वर्षांत आमच्या भागात लोकांना सभेला कुणी आणलं असेल तर गाण्यांनी. मामांची पार्टी त्यातलीच. पेटी, ढोलकी, टाळ आणि चार गळे.

तर त्या गावात स्टेजवर तीन गटांचे तीन पुढारी बसलेले. एकमेकांशी बोलत नाहीत, पण हार तिघांनाही पाहिजेत. मामा तेव्हा तिशीच्या आत-बाहेर. त्यांनी ठरवून 'भीमा तुझ्या मताचे' लावलं. दुसऱ्या कडव्याला माइक बंद पडला. कुणीतरी ओरडलं, लाइट गेली.

"पण डोक्यावरची ट्यूब चालूच होती," मामा म्हणाले.

मामांनी माइकशिवाय गाणं पुरं केलं. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. पुढच्या वर्षी त्या गावची सुपारी आली नाही, आणि आजूबाजूच्या तीन गावांचीही आली नाही. पार्टीत चार माणसं, चारही घरांत लेकरं. पेटीवाल्यानं सांगितलं, दादा, जे चालतंय ते म्हणा. तेव्हापासून मामा फक्त गौरवाची गाणी म्हणत आले.

कुणी माइक बंद केला ते मामांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आम्ही दोघं गप्प. खाली बॉक्सची धडधड चालू. आणि मला गच्चीवर बसल्या बसल्या जे कळलं, ते सांगायला मी हा भाग करतोय. आधीचीच गाणी खरी, असं मामा तीस वर्षं म्हणत आले. आम्हाला वाटायचं, हे त्यांचं गाण्याबद्दलचं मत आहे. ते मत होतंच, आणि सोप्या गाण्याबद्दल ते बोलले त्यात चूक काही नाही. पण त्या मताच्या खाली त्या रात्रीचा बंद माइक होता. वामनदादा पुढं गेले आणि मामांना पुढं जाता आलं नाही. मग माणूस काय म्हणतो? पुढं काही विशेष नव्हतंच, असं म्हणतो.

आणि हे फक्त मामांचं नाही. न्यूपोर्टला हुर्यो करणाऱ्यांचंही मला आता थोडं वेगळं दिसतं. कलावंत वाढला की नाही याचा निकाल देताना चाहता बऱ्याचदा स्वतः कुठं थांबला तेच सांगत असतो.

मग वामनदादांची वाढ नेमकी कशात? मी मात्रा मोजल्या, मित्रानं विचार मोजले. मला वाटतं, एक तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे गाणं कुणाला उद्देशून आहे. एक प्रकारची गाणी आपल्या लोकांना बाबासाहेबांबद्दल सांगतात. बघा, हा माणूस आपल्यासाठी आला. दुसरी गाणी मालकाला, सरकारला, पैसेवाल्याला विचारतात, आमचा वाटा कुठं? तिसरी गाणी बाबासाहेबांकडं तोंड करून आपलीच तक्रार करतात. पहिलं लिहायला प्रेम लागतं, दुसरं लिहायला हिंमत लागते. तिसरं लिहिणं सगळ्यात अवघड, कारण ज्या ओसरीवर तुम्ही रात्री जेवणार, त्याच ओसरीवर बसलेल्या माणसाला ते लागणार असतं. वामनदादांनी हे तिसरं लिहिलं आणि त्याच वस्त्यांमध्ये गायलं. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नावही घालायचे, अभंगात संत घालतात तसं. मी म्हणालो, हे माझंच म्हणणं आहे, असं सही करून सांगितल्यासारखं.

म्हणून नंतरचं गाणं आलं की आधीचं रद्द होतं, हे माझं व्हर्जनचं गणितही चुकलं. पहिली गाणी नसती तर तिसरं गाणं ऐकायला समोर माणसंच नसती. आपलं कौतुक ज्यानं केलंय त्याच्याचकडून आपण कानउघाडणी ऐकून घेतो, तेही कधीकधीच.

आता रात्री बाराचं सांगतो आणि संपवतो.

बारा वाजले. फटाके, घोषणा, निळा गुलाल. आणि डीजेवाल्यानं काय लावलं असेल? तेच. 'भीमा तुझ्या मताचे'. रिमिक्स. खाली ढोल इतका भरलेला की शब्द बुडाले होते. दोन-तीनशे पोरं हात वर करून नाचत होती. माझी चुलतभावंडंही त्यात होती, आणि खोटं कशाला बोलू, मागच्या वर्षी मीही होतो. मित्र चिडला. "हे बघा, तक्रारीवर नाचायलेत. अर्थाची काय वाट लावली."

मामा कठड्याला टेकून बघत होते. मला वाटलं, तेही चिडतील. ते म्हणाले, "नाचू दे. तेव्हा माइक बंद झाला होता. आता एवढ्या मोठ्यानं वाजायलंय. ऐकू येईल एखाद्याला."

मग माझ्याकडं वळून विचारलं, "वर्गणी दिलीस का?"

मी म्हणालो, "हो मामा, पुण्याहूनच ऑनलाइन पाठवली. दोन हजार."

"आणि?"

"आणि काय?"

"अभ्यासिकेतली पोरं तुझं नाव घेतात. इंजिनिअर झाला, पुण्यात हाय म्हणतात. कधी गेलास का तिथं?"

आमच्या वस्तीत एका खोलीची अभ्यासिका आहे. मी बारावीला तिथंच बसून अभ्यास केला. पंखा एकच होता, तो ज्याच्या डोक्यावर यायचा त्याची मजा असायची. नोकरी लागल्यापासून सहा वर्षांत मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. दरवर्षी जयंतीला वर्गणी, व्हॉट्सअॅपला निळा डीपी, आणि एक लांबलचक पोस्ट. पोस्टला लाइक भरपूर यायचे.

मी काही बोललो नाही. मामा म्हणाले, "वामनदादा वाढले का नाही यावर तुम्ही दोघं दोन तास भांडलात. चांगलं भांडलात. मी पण भांडलो. पण त्या माणसानं पाचच मागितले होते रे. लाख नाही मागितले. त्या पाचात मी आलो नाही. लेकरांकडं बघितलं आणि नाही आलो. तू येतोस का, तेवढं बघ."

एवढं बोलून ते खाली गेले. थोड्या वेळानं बघतो तर गर्दीच्या कडेला उभं राहून पोरांना रस्ता सोडून नाचा, अॅम्ब्युलन्सला जागा ठेवा, असं सांगत होते.

मित्र सकाळी लातूरच्या बसला बसला. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाईपर्यंत त्याचे मेसेज येत होते. मामांचं बरोबर की त्याचं बरोबर, हे अजून ठरलेलं नाही. तो आता म्हणतोय, आधीची गाणी पुन्हा ऐकतो. मामांना मी 'वाटचाल' मोठ्या अक्षरात छापून दिलंय, चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा. पाठ असलेलं गाणं कागदावर बघताना त्यांना मजा वाटते.

आणि अभ्यासिकेत मी एप्रिलनंतर दोनदा गेलोय. पोरांना थोडं कोडिंग दाखवलं, एकाचा स्कॉलरशिपचा अर्ज भरून दिला. दोनदाच गेलोय, त्यामुळं त्यावर जास्त बोलत नाही. वर्षभरानं पुन्हा विचारा.

परभणीच्या त्या मित्राला सांगतो, होता. आपल्याकडं गाणं लिहिणारा होता, आणि त्याची गाणी अजून वाजतायत. कुठलं गाणं तुमच्या घरात म्हटलं जातं आणि कुठलं टाळलं जातं, ते मला नक्की कळवा. टाळलेल्यांची यादी जास्त कामाची असेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. जय भीम.